जर्मनीला येतोयस तर पहिल्या वर्षी प्लॉटचं राहू दे

तू विचारलंयस की स्टुटगार्टला वर्षाला ५५ हजार युरोची नोकरी मिळतेय, सही व्हायचीय अजून, बायको आणि मुलगी पहिले सहा महिने जुळे सोलापुरातच राहणार, तर सोबत किती पैसे आणू आणि वर्षभरात होटगी रोडला प्लॉट घेण्याइतकी शिल्लक पडेल का. मी पण सोलापूरचीच, नवी पेठेत वाढलेली, इकडं येऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं ताई म्हणून सरळ सांगते. पहिल्या वर्षी प्लॉट नको.

५५ हजाराला शंभरनं गुणून घरात सगळ्यांना पंचावन्न लाख सांगून झालं असेल, पण तेवढे हातात येत नाहीत रे. बायको इकडं येऊन नोंदणी होईपर्यंत तू टॅक्स क्लास एकमध्येच, म्हणजे एकट्या माणसाच्या टॅक्स गटात, मग टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स सगळं कापून महिन्याला साधारण २,९०० युरो येतील. त्यातून दोन घरं चालवायची, इथलं आणि सोलापूरचं. भाड्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा काल्टमीटं, म्हणजे नुसतं भाडं दिसतं, हीटिंग-पाण्याचा खर्च धरला की ते वार्म होतं, तू वार्मचाच आकडा धर. डिपॉझिट काल्टच्या तिप्पटपर्यंत मागता येतं, पण कायद्यानं ते महिन्याला एक असं तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे, घरमालक हे आपणहून सांगत नाहीत, तू विचार. आणि बऱ्याच घरांत किचनच नसतं, म्हणजे ओटा, कपाटं, शेगडी सगळं आपलं आपण आणायचं, म्हणून सुरुवातीला फर्निश्ड खोली बघ, थोडी महाग पडली तरी चालेल. पगार महिनाअखेरीस होतो. हे सगळं धरून पाच-सहा हजार युरो स्वतःचे हवेत, पर्सनल लोन काढून नाही.

आता खरं बोलायचंय ते घरच्या पैशाबद्दल. इथं मी लोकांना पस्तावताना बघितलंय ते रेस्टॉरंटच्या बिलानं नाही, गावाकडच्या हप्त्यांनी. पोरगा परदेशात गेला की चुलतभावाचं लग्न, कुणाचं तरी पतसंस्थेतलं कर्ज, मामाच्या पॉवरलूमची दुरुस्ती, सगळे त्याच्याकडंच बघतात, आणि आपण नाही म्हणू शकत नाही कारण सगळी आपलीच माणसं. म्हणून निघायच्या आधी आई-बाबा आणि बायकोसमोर बसून महिन्याचा एक आकडा ठरव आणि तो तिथंच सगळ्यांना सांगून टाक. भिशी पूर्ण होत असेल तर करून घे, नाहीतर बायकोच्या नावावर चालू दे. आणि कुणाला जामीन राहू नकोस! जामीन असशील तर त्यातून मोकळा होता येतं का ते आत्ताच बघ, इकडून धावपळ करणं अवघड आहे.

बँकेचं पण इथं येऊन करू म्हणू नकोस. एनआरआय झालास की साधं सेव्हिंग खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं करायला लागतं, आणि इकडून पाठवायच्या पैशासाठी वेगळं एनआरई उघड, त्यावरच्या व्याजाला भारतात टॅक्स नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापतात. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, एनआरआय झाल्यावर नवीन उघडता येत नाही. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम रिचार्ज करून जिवंत ठेव, हे बंद पडलं की सगळंच अडतं. आणि प्लॉट पुढं कधी घेतलास तरी एनए (बिगरशेती) आहे का बघून घे, एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तर वेगळी गोष्ट.

बाकी बारीक बारीक. रेडिओ-टीव्हीची फी म्हणून घरामागं महिना १८.३६ युरोचं पत्र येईल, टीव्ही नसला तरी भरायचं असतं, फ्रॉड समजून फेकू नकोस. सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये नोकरी न करणारी बायको आणि मुलगी फुकटात येतात. मुलगी आली की लगेच किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज टाक, २०२५ मध्ये मुलामागं महिना २५५ युरो होते, आणि उशीर केलास तर मागचे सहाच महिने मिळतात. जिमची दोन-दोन वर्षांची काँट्रॅक्टं आल्या आल्या करू नकोस. लायबिलिटी इन्शुरन्स मात्र घेच, स्वस्त असतं आणि दुसऱ्याचं काही मोडलं-बिघडलं तर लय मोठ्या खर्चातून वाचवतं. बॅगेत शेंगा चटणी आणि कडक भाकरी भरपूर आण, सुरुवातीचं बाहेरचं खाणं वाचतं, तूप आणि पेढे नको, दुधाचे पदार्थ भारतातून युरोपात आणायला बंदी आहे.

आणि सही व्हायचीय म्हणालास ना, तर आधी कंपनीला विमानाचं तिकीट, पहिल्या महिन्याची राहायची सोय आणि रिलोकेशनचे पैसे मेल करून विचार, लाजू नकोस, इथं हे सगळेच विचारतात, आणि सही झाल्यावर विचारून काही होत नाही.