धुक्यात भोंगा वाजवायचा असतो

पत्र थोडक्यात असं: 'मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर आहे. वय 31, घर दाभोळचं. पुण्यातल्या एका मुलीचं स्थळ आलं. साइन ऑन करण्याआधी, म्हणजे जहाजावर रुजू होण्याआधी, आम्ही दोनदा भेटलो आणि ती मला मनापासून आवडली. मागच्या महिन्यात लोडिंगच्या गडबडीत बारा दिवस मी तिला काहीच कळवलं नाही. तेव्हापासून ती तुटक बोलते. "तुला माझी गरजच दिसत नाही," म्हणाली. प्रेम म्हणजे अथांग समुद्र आणि मी सुकाणू धरून एकटाच बंदर शोधतोय, असं वाटतं. ते कधी दिसेल? – एक दर्यावर्दी'

प्रिय दर्यावर्दी,

समुद्राची उपमा तुम्हालाच शोभते, पण ती चुकीच्या जागी लागली आहे. बंदर जागचं हलत नाही, तुम्ही कधीही या. ही मुलगी नोकरी करते, तिच्याकडे दुसरी स्थळंही येत असणार. तिला स्वतःचा मार्ग आणि वेग आहे. तुमच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, दिसतंय ते दुसरं जहाज आहे, आणि दोन जहाजांनी एकमेकांशी कसं वागायचं याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम तुम्ही तोंडी परीक्षेत घडाघडा म्हटलेले असणार.

त्यातला पस्तिसावा घ्या. दिसेनासं झालं की चालत्या जहाजाने जास्तीत जास्त दर 2 मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचा, 4 ते 6 सेकंदांचा. पाण्यात नुसतंच थांबलं असेल तर लागोपाठ दोन. भोंग्यातून गप्पा मारायच्या नसतात. मी इथे आहे आणि चालतोय की थांबलोय, एवढंच कळवायचं. मालाच्या कोठारांची झाकणं (हॅच) उघडी आहेत, सर्व्हेअर आलाय, सहा-सहा तासांच्या पाळ्यांत झोपेचं खोबरं झालंय, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. तिला फक्त गप्प फोन दिसत होता. यापुढे बंदरात शिरण्याच्या आदल्या दिवशीच लिहा: 'उद्यापासून लोडिंग. गुरुवारपर्यंत फोन जमणार नाही, रोज एक ओळ टाकेन.' आणि ती ओळ खरंच टाका, 'वॉच संपला, झोपतो' इतकीच का असेना. इंटरनेटचा कोटा संपत आला तरी तेवढी जाते.

फोनची वेळ 'जमेल तेव्हा' ठेवू नका. सेकंड ऑफिसर म्हणजे बहुधा बारा ते चारचा वॉच, म्हणजे पाळी. जहाज ग्रीनिच वेळेवर असेल तर दुपारी चारला तुम्ही सुटता तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ असतात, निवांत बोलायची वेळ. सिंगापूरच्या वेळेवर असाल तर तिच्याकडे दुपारचा दीड, म्हणजे डबा खातानाची दहा मिनिटं. आखाताच्या बाजूला असाल तर साडेपाच, ती ऑफिसात नाहीतर ट्रॅफिकमध्ये. तिथे व्हॉइस मेसेज बरा. जहाजाची घड्याळं मागेपुढे झाली की नवी वेळ त्याच दिवशी कळवा.

आता सातवा नियम. समोरच्याचं बेअरिंग, म्हणजे ते दिसतं ती दिशा, बदलत नाही आणि अंतर घटतंय, तर टक्कर ठरलेली. तुमच्या दोघांत हेच चाललंय. दर वेळी तक्रार त्याच दिशेने येते, 'तू सांगत नाहीस', आणि दर वेळी लवकर येते. यावर तुम्ही काय करता? पत्रावरून दिसतं की एकदा इमोजी, एकदा 'बघू, आल्यावर बोलू', एकदा सूर्यास्ताचा फोटो. आठव्या नियमाने नेमकं हेच टाळायला सांगितलंय. अंशाअंशाने सुकाणू वळवत राहिलं तर समोरच्याला काहीच उमगत नाही. वळण वेळेत घ्यायचं आणि नजरेत भरेल इतकं मोठं घ्यायचं. तेव्हा फोनवर, लिहून नाही, सरळ म्हणा: 'बारा दिवस गप्प राहिलो ते चुकलं. मला हे लग्नापर्यंत न्यायचं आहे. तुझ्या मनात काय आहे?' पुढे स्वतःच्या पाळ्यांचं रडगाणं नको. तिला बोलू द्या. ती नाही म्हणाली, तर मध्यस्थाकरवी दबाव आणू नका.

हो म्हणाली, तर पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाचा आराखडा, बर्थपासून बर्थपर्यंत, एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत लागतो. करार सहा महिन्यांचा असला तरी रिलिव्हर (बदली माणूस) न मिळाल्यास साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटणं, लांबतं, हे आधीच सांगा. करासाठी एनआरआय ठरायला लागणारे दिवस भरायला जहाजावरचा मुक्काम वाढवणार असाल, तर तेही आजच. चीफ मेटच्या, म्हणजे पुढच्या हुद्द्याच्या, परीक्षेसाठी किनाऱ्यावर किती महिने राहाल आणि त्या काळात घरखर्च कशावर, हा प्रश्न तिचे वडील विचारतीलच. बऱ्याच कंपन्या ऑफिसरच्या पत्नीला काही काळ जहाजावर राहू देतात, पण ते रँकवर, मार्गावर आणि लाइफबोटीतल्या रिकाम्या जागांवर ठरतं. जहाजावर माणसं नेमणाऱ्या मॅनिंग ऑफिसला विचारल्याशिवाय तिला कबूल करू नका. आणि साइन ऑफच्या तारखेला चिकटून हॉल बुक करू नका. निदान चार आठवडे सोडा. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त हुकले तरी पुढे माघ-फाल्गुनातले आहेत.