बंद कारखान्यांवरून सुचलेली शिल्पं आणि फर्निचर: कला की फॅशन?

बंद पडलेल्या कारखान्यांवरून सुचलेल्या शिल्पांत आणि गंजक्या टेबलांत खरंच काही असतं, की ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी पडझडीची सजावट, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक वेळा सजावटच. नवाकोरा पत्रा मुद्दाम गंजवायचा, वर लॅकर मारायचं आणि 'इंडस्ट्रियल लुक' म्हणून विकायचं, याला मी कला म्हणणार नाही. पण अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहरामुळे सरसकट नकार देववत नाही.

1950मध्ये तिथे साडेअठरा लाख लोक राहायचे, 2010मध्ये सात लाखांच्या आसपास उरले. मोटारींचे कारखाने बाहेर गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. टायरी गायटन हा कलाकार तिथल्या अशाच हायडेलबर्ग स्ट्रीटवर वाढला. 1986मध्ये त्याने आजोबांना हाताशी धरून पडीक घरांवर मोठाले रंगीत ठिपके काढले, फेकलेली खेळणी, बूट, गाड्यांचे भाग घरांवर, झाडांवर लावले. 1991 आणि 1999मध्ये महापालिकेने त्यातला बराच भाग पाडला. (शेजाऱ्यांपैकी काहींनाही तो कचराच वाटायचा, हेही खरं.) एरवी वर्षानुवर्षं पडक्या घरांकडे न फिरकणाऱ्या पालिकेला नेमकी रंगवलेली घरं डोळ्यांत खुपावीत, याची मला गंमत वाटते.

फर्निचरमध्ये डिझायनर ख्रिस शॅन्कचं काम बघा. टाकाऊ लाकूड, फोम वगैरेचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, वरून रेझिन (वाळून कडक होणारा राळेसारखा पदार्थ). खुर्ची चांदीच्या लगद्यातून वर आल्यासारखी दिसते. किमती आर्ट गॅलरीतल्या, महागड्या, म्हणजे तुमची शंका इथेही लागू आहेच. पण त्याची कार्यशाळा डेट्रॉइटच्या बांगलाटाउन वस्तीत आहे आणि फॉइल चढवायच्या कामावर शेजारच्या बांगलादेशी बायका असतात. मजुरी वस्तीतच राहते.

माझी सगळ्यात आवडती वस्तू मात्र कोणा कलाकाराची नाही. पूर्वी मोटार कारखान्यांच्या रंगकाम विभागात हाताने स्प्रे मारताना उडालेला रंग रॅकवर साचायचा आणि गाडीबरोबर भट्टीत भाजून निघायचा. असे शेकडो थर चढले की तो काढून टाकावा लागे. कामगार त्याचे तुकडे घरी न्यायचे. कापून पॉलिश केले की आत रंगीत पट्टे दिसतात. आता त्याला 'फोर्डाइट' म्हणतात आणि अंगठ्यांत बसवतात. रंगवायची पद्धत बदलल्यावर असे थर साचणं जवळजवळ थांबलं, त्यामुळे नकलाही भरपूर निघाल्यात.

तेव्हा विकत घेणार असाल तर गंज किती छान दिसतो ते नंतर बघा. आधी माल कुठल्या कारखान्यातून किंवा घरातून आला आणि काम कोणी केलं, ते विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर मी पैसे देणार नाही.