पहिली प्रसूती लवकर झाली होती? मग गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजताना एवढं सांभाळ

अगं, आधी अभिनंदन! पहिल्या वेळी बाळ लवकर आलं आणि आता पुन्हा दिवस गेलेत म्हटल्यावर भीती वाटणारच. माझं पहिलं बाळ एकतिसाव्या आठवड्यात आलं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक सोनोग्राफीला देवाचं नाव घेत जायचे. सध्या एवढंच धर:

- जुनी फाईल पहिल्याच भेटीत ने. आधी पाणी गेलं की कळा आल्या, हेही सांग.
- लांबी साधारण १६ ते २४ आठवड्यांत, सहसा दर दोन आठवड्यांनी बघतात. 'ॲनॉमली स्कॅनला (बाळात काही व्यंग नाही ना, हे बघणाऱ्या सोनोग्राफीला) बघू' म्हणत थांबू नकोस. अनेकींची पहिली चूक हीच.
- तपासणी योनीमार्गातून होते, बाळाला धोका नसतो. लघवी करून जा! पोटावरच्या सोनोग्राफीच्या सवयीने आपण बाटलीभर पाणी पिऊन बसतो आणि भरल्या मूत्राशयामुळे लांबी उगाच जास्त दिसते.

३४ मिमीचे ३२ झाले म्हणून रात्र जागवू नकोस, मोजण्यात तेवढा फरक पडतो. २५ मिमीच्या खाली गेली तर बाळ लवकर येण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर पिशवीच्या तोंडाला टाका घालायचं किंवा प्रोजेस्टेरॉनचं (गर्भ टिकायला मदत करणाऱ्या संप्रेरकाचं) बोलतील. टाक्याचे प्रकार आत्ताच वाचत बसू नकोस.

सासूबाई खाटेवरून उठू देणार नाहीत, पण नुसतं पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असं दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. किती हिंडायचं ते डॉक्टरांनाच विचार.

आणि पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघ.