आजीचा शब्द, तेऊचं पोट

मनू,

परवा हनोईत पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ बघून आपण थिएटरमधून बाहेर पडलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तू माझ्या ओढणीखाली डोकं घातलंस आणि विचारलंस, "आई, आजी टीव्हीवरच्या त्या माणसाला कळसूत्री बाहुली म्हणाली, तेव्हा ती रागात होती ना? मग बाहुली असणं वाईट असतं का? आणि मराठी लोकांकडे खरंच अशा बाहुल्या आहेत, की नुसता शब्द आहे?"

समोरून स्कूटरींचा लोंढा येत होता, रस्ता ओलांडायचा होता. मी "हॉटेलवर गेल्यावर सांगते" म्हणाले आणि तोवर तू झोपून गेलीस. आता आपण सिंगापूरला परत आलोय, उद्या तुझी शाळा आहे. म्हणून हे पत्र तुझ्या उशाशी ठेवते. रविवारी मराठीचं पुस्तक वाचतेस तसं सावकाश वाच. अडेल त्या शब्दाला पेन्सिलीने गोल कर.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच मला लागला. हो, आहेत. आपल्याकडे बाहुल्या आहेत. पण तुला त्या मी अजून दाखवल्या नाहीत. व्हिएतनामच्या आधी दाखवायला हव्या होत्या.

आता शब्द फोडून बघ. कळ म्हणजे जी दाबली किंवा ओढली की यंत्र चालतं ती. कुलपाची कळ असते, पंख्याची कळ असते. सूत्र म्हणजे दोरी. दोरी हीच जिची कळ, ती कळसूत्री बाहुली. नाटकात सगळ्यांच्या आधी येऊन बोलणारा सूत्रधार असतो, त्याच्या नावातही हीच दोरी आहे.

त्या दिवशी तू पहिल्या रांगेत बसायचा हट्ट धरलास आणि ड्रॅगनने तुझ्या फ्रॉकवर पाणी उडवलं. मंचावरच्या तळ्याचं पाणी हिरवट आणि गढूळ का होतं, असं तू नाक मुरडून विचारलंस. ते मुद्दामच तसं ठेवतात. पाणी नितळ असतं तर खालचे बांबू आणि दोऱ्या दिसल्या असत्या. प्रत्येक बाहुलीच्या पायाखाली एक फळी असते, फळीला लांबलचक काठी, आणि ती काठी पाण्याखालून मागच्या पडद्याआड जाते. काही बाहुल्यांना काठीबरोबर दोऱ्याही असतात. हात हलतो, मान वळते, ती या दोऱ्यांमुळे. म्हणजे त्याही कळसूत्रीच झाल्या बघ, फक्त त्यांचं सूत्र पाण्याखालून जातं.

या खेळाला तिथे 'मुआ रोई नुओक' म्हणतात, पाण्यातल्या बाहुल्यांचा नाच. नुओक म्हणजे पाणी. आणि त्यांच्या भाषेत देशालाही नुओकच म्हणतात. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच शब्दापाशी थांबले होते. लाल नदीच्या खोऱ्यात भाताची शेतं वर्षाचे कितीतरी महिने पाण्याखाली असतात. तिथल्या शेतकऱ्यांनी गावच्या तळ्यात हा खेळ उभा केला, तो सुगीनंतरच्या सणासुदीत करायचे. म्हणून तर तू पाहिलंस त्यात राजवाडे कमी आणि चिखल जास्त होता. म्हशीवर बसून बासरी वाजवणारा पोरगा, भाताची लावणी, बेडूक पकडणं, बदकांवर टपलेला कोल्हा. कोल्हा बदक तोंडात धरून झाडावर चढला तेव्हा तू ओरडलीस, "अरे, सोड तिला!" मागच्या रांगेतले आजोबा व्हिएतनामी होते, त्यांना तुझी मराठी बरोबर कळली. तेही तसंच काहीतरी ओरडले.

हा खेळ फार जुना आहे. 1121 सालचा एक शिलालेख हनोईच्या दक्षिणेला एका डोंगरावरच्या देवळात आहे. ली न्यान तोंग या राजासमोर पाण्यातून सोनेरी कासव वर आलं, त्याच्या पाठीवर तीन डोंगर होते, असं त्यात कोरलंय. ज्ञानेश्वर माउलींचा जन्म व्हायला तेव्हा अजून दीडशे वर्षं होती.

कासव म्हटल्यावर तुझी तलवारीची गोष्ट आलीच. थिएटर ज्या तळ्याच्या काठी आहे त्या होआन किएम नावाचा अर्थच 'परत दिलेली तलवार' असा आहे. ले लोई या राजाने दैवी तलवार घेऊन चिनी मिंग सैन्याला हटवलं, 1428 साली तो गादीवर बसला, आणि पुढे एकदा तो तळ्यात नावेतून फिरत असताना कासवाने वर येऊन तलवार मागितली. त्याने ती दिली. तू लगेच भवानी तलवारीचं नाव काढलंस. देवीने महाराजांना तलवार दिली ही आपल्याकडची आख्यायिका तुला पाठ आहे, म्हणून तुला ते जवळचं वाटलं. पण तलवार परत मागायला येणारं कासव मला फार आवडलं. लढाई संपली, आता दे इकडे.

आता त्या गोबऱ्या पोराविषयी. उघडं पोट, डोक्यावर केसांचे दोन-तीन झुबके, सारखं हसू. त्याचं नाव तेऊ. तो पहिला येतो, लोकांची थट्टा करतो, गावगप्पा सांगतो आणि खेळ सुरू करून देतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या आणि नाटकातला सूत्रधार एकत्र केले तर जे होईल ते तेऊ. सोंगाड्या पाटलालाही टोमणा मारू शकतो, कारण लोक त्याच्यावर चिडत नाहीत. तेऊलाही तशीच मुभा आहे. तो काय म्हणाला हे आपल्याला कळलं नाही, तरी आजूबाजूचे लोक पोट धरून हसले आणि त्यांच्या हसण्यावर तूही हसलीस.

आणि ते वाद्य! बाजूच्या मंचावर एक बाई एकाच तारेवर वाजवत होती आणि आवाज माणसाच्या गळ्यासारखा वळत होता. त्याला दान बाऊ म्हणतात. बाऊ म्हणजे भोपळा. एक तार आणि भोपळा म्हटल्यावर तुझ्या आजोबांची एकतारीच माझ्या डोळ्यांसमोर आली. फरक एवढाच की दान बाऊला टोकाशी एक लवचीक दांडी असते, ती वाकवली की तार ताणते किंवा सैल होते आणि सूर सरकतो.

एक गोष्ट तुला तिथे सांगायची राहून गेली, कारण मलाच ती नंतर उमजली. या बाहुल्या सुंगच्या लाकडाच्या करतात. कोरायच्या, झाडाच्या लाखेसारख्या चिकाचे थरावर थर द्यायचे, घासायच्या, रंगवायच्या. सुंग म्हणजे कुठलं झाड ते मी शोधलं. मनू, ते आपलं उंबर आहे! ज्याला आजी औदुंबर म्हणते, नृसोबाच्या वाडीला ज्याला ती हात जोडते, तेच. हे लाकूड हलकं असतं, तरंगतं. "उंबर तिथं पाणी" असं आजी म्हणते ना? तेऊचं ते गोल पोट उंबराचं आहे. हे तिला फोनवर तू सांग, मी सांगणार नाही.

आता रागाचं बघू.

खेळ संपल्यावर बांबूचा पडदा बाजूला झाला आणि ती माणसं बाहेर आली. बायका आणि पुरुष, सगळे कंबरभर पाण्यात उभे. रबरी पोशाख घातलेले, कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत ओले. तुझा टाळ्या वाजवणारा हात मध्येच थांबला. मी पाहिलं ते. इतका वेळ आपण ड्रॅगन, बदकं, पऱ्या बघत होतो आणि सगळं यांनी केलं होतं. काही बाहुल्या दहा किलोहून जड असतात. पाणी वजन उचलतं खरं, पण पाण्याला रेटून काठी फिरवायला दंडात बळ लागतं. पूर्वी रबरी पोशाख नव्हते. थंडीच्या दिवसांत तळ्यात उतरायच्या आधी अंगात ऊब यावी म्हणून ते आल्याचा काढा प्यायचे, कुणी मासळीचं खारं पाणीसुद्धा प्यायचे.

गावोगावी या लोकांची मंडळं असत आणि काठ्या-दोऱ्यांची रचना ते जिवापाड लपवून ठेवत. मुलींना शिकवत नसत, कारण लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी जातील आणि गुपित बरोबर नेतील. हे वाचून मला वाईट वाटलं. परवा त्या पाण्यात उभ्या असलेल्या बायका पाहिल्या म्हणून बरं वाटलं.

आजी टीव्हीवरच्या ज्या माणसावर चिडली होती तो बोलतोय एकाच्या नावाने आणि दोरी दुसऱ्याच्याच हातात, असं तिचं म्हणणं होतं. ओढणारा हात तो लपवतो, याचा तिला राग. बाहुली असं काही लपवत नाही. पडद्यामागे कुणीतरी आहे हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि शेवटी तो पडदा बाजूला होतो. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते: आजीचा राग खरा आहे, पण त्यात बाहुलीचा काही दोष नाही. आपल्या भाषेने तिचं नाव दुसऱ्यांसाठी फार वापरलं आणि तिलाच बघायचं राहून गेलं.

बघायचं तर कुठे? सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या जपल्या. नुसत्या त्याच नव्हे, कातड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही, आणि चित्रकथीही. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले कागद. एकेक कागद उभा धरायचा आणि त्या प्रसंगाची गोष्ट गाऊन सांगायची, साथीला वीणा, हुडूक, टाळ. सावंतवाडीच्या संस्थानाने या लोकांना आसरा दिला होता. मग संस्थान गेलं, सिनेमा आला, टीव्ही आला, आणि खेळ उंबराच्या फुलासारखा झाला. (ही म्हण तुला नवी आहे. उंबराचं फूल फळाच्या आतच असतं, बाहेरून कधी दिसत नाही. म्हणून जो माणूस कधीच दिसत नाही त्याला आपण उंबराचं फूल म्हणतो.) तिथल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या सगळ्याचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तू जन्मायच्या आधी बाबा आणि मी गोव्याला जाताना पिंगुळीला थांबलो होतो. तिथे एका मुलाने माझ्या बोटांत बाहुलीच्या दोऱ्या दिल्या. हातभर उंचीची लाकडी बाई, नऊवारी नेसलेली, नाकात नथ. मी दोऱ्या उचलल्या तर तिची मान एका खांद्यावर पडली आणि दोन्ही हात लोंबले. मी पुन्हा उचलल्या, पुन्हा तेच. मुलाने माझ्याकडून दोऱ्या घेतल्या, करंगळी जराशी ओढली, आणि त्याच बाईने मान वर केली, दोन्ही हात जुळवले आणि मला नमस्कार केला. मी न कळत उलट नमस्कार केला. बाबाला विचार, त्याला आठवत असेल.

हनोईत त्या माणसांनी पाण्यातून नमस्कार केला तेव्हा मला ती बाई आठवली, आणि तू "नुसता शब्द आहे का" असं विचारलंस तेव्हा पुन्हा.

काल रात्री मी आजीला फोन केला. विचारलं, "आई, तुम्ही कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलाय का हो?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही गं. लहानपणी गावात यायचे म्हणतात. मी नाही बघितला कधी." सत्तर वर्षं शब्द तोंडात आहे.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरला गेलो की दोन दिवस काढू. आजरा, आंबोली, घाट उतरून सावंतवाडी आणि मग कुडाळ. वळणांचा रस्ता आहे, आजीला पुढच्या सीटवर बसवू आणि तू मागे माझ्याजवळ बस. तळ्याकाठच्या दुकानातून घेतलेला तेऊ बरोबर घे. पिंगुळीला पाण्याचा मंच नाही, त्याला हातातच धरावं लागेल. आजीला त्याचं पोट दाखव आणि कुठल्या झाडाचं आहे ते ओळखायला सांग.

तुझी,
आई