नवरा बायडनच्या गटात, मी वॉरनच्या: कॉकसला जाऊ कशी?

(हे उत्तर जानेवारी २०२० मधलं आहे, नियम आणि आकडेही तेव्हाचेच.) वेस्ट डे मॉइन, आयोवा इथल्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय. बरंच लांब आहे, गरजेपुरतं देते.

"ताई, २०१८ मध्ये आम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक झालो. येत्या सोमवारी, ३ फेब्रुवारीला, डेमोक्रॅट्सचं कॉकस, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची सभा; तिथे आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आमचं पहिलंच. नवरा बायडनवाला, कारण 'ट्रम्पला तोच हरवेल'. मला कमला हॅरिस आवडायची. ती डिसेंबरात बाहेर पडल्यावर मी एलिझाबेथ वॉरनकडे वळले. मुलगा सतरा वर्षांचा, इथेच जन्मलेला, सँडर्ससाठी दारोदार फिरतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना तुलसी गॅबर्ड 'आपली' वाटते. नवरा म्हणतो, घर एक तर कोपरा एक. शाळेच्या जिममध्ये त्याच्या ऑफिसातले, मंडळातले सगळे असणार, शोभा नको. तो 'वॉरनच का?' विचारतो तेव्हा मला धड उत्तर देता येत नाही. शिवाय ऑगस्टपासून मी दरमहा २५ डॉलर वॉरनला देतेय, ते त्याला माहीत नाही. दोनशेच्या आत आहे, तेव्हा कळणारही नाही. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका ट्रम्पवाल्या मैत्रिणीला मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'तुम्हाला सिटिझनशिप मिळाली, आता मागच्यांसाठी दार लावून घ्या.' ती बोलत नाही. काय करू?"

बाई, पैशांपासून सुरुवात करू, कारण त्याला तारीख आहे.

दोनशेचा नियम तुम्ही अर्धाच ऐकलाय. एका निवडणुकीच्या चक्रात एकूण २०० डॉलरच्या वर गेलं की उमेदवाराच्या समितीला देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालकाचं नाव केंद्रीय निवडणूक आयोगाला कळवावं लागतं, इथवर बरोबर. पण वॉरन काय, सँडर्स काय, बायडन काय, या सगळ्यांचे ऑनलाइन पैसे 'ॲक्टब्लू' या देणग्या गोळा करून देणाऱ्या संस्थेमधून जातात. ॲक्टब्लू मध्यस्थ असल्यामुळे तिला स्वतःच्या अहवालात प्रत्येक देणगी दाखवावी लागते, मग ती पाच डॉलरची का असेना. वर्षअखेरचा अहवाल द्यायची मुदत ३१ जानेवारी, म्हणजे कॉकसच्या तीन दिवस आधी. ऑगस्ट ते डिसेंबरचे तुमचे १२५ डॉलर त्यात असणार, आणि आयोगाच्या साइटवर नाव टाकून कोणीही ते शोधू शकतं. हे काम नवराच करेल असं नाही, पण मंडळात असले उद्योग करणारा एक तरी माणूस असतोच.

तेव्हा या आठवड्यात तुम्हीच सांगा, आणि आधी रकमेबद्दल सांगा. खातं दोघांचं असलं तरी देणगी ज्याने दिली त्याच्या एकट्याच्या नावावर लागते, म्हणजे त्याच्या नावावर काहीही गेलेलं नाही. आपलं नाव यात ओढलं गेलं का, याचाच त्याला पहिला राग येईल, म्हणून हेही पहिल्याच वाक्यात असू द्या. "मी विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास" हे खरं असलं तरी त्या संध्याकाळी बोलू नका. पुढचा हप्ता चालू ठेवायचा की थांबवायचा, ते मात्र सांगून झाल्यावर ठरवा. आधी बंद करून मग सांगितलंत तर ते चोरी लपवल्यासारखं दिसतं.

आता कोपऱ्यांचं. 'घर एक तर कोपरा एक' असा कुठलाही नियम पक्षाकडे नाही. यंदा प्रत्येकाला पसंतीचं कार्ड मिळणार आहे आणि त्यावर स्वतःचं नाव घालून सही करायची आहे. ही कार्डं फेरमोजणीची वेळ आली तर असावीत म्हणून आहेत, नावानिशी कुणी छापत नाही. पण नवऱ्याची भीती अगदीच पोकळ नाही, हेही मान्य करा. डेमोक्रॅट्सचं कॉकस उघडं असतं. तुम्ही कुठे उभ्या आहात ते जिममधल्या प्रत्येकाला दिसतं. कुणाचीच नाही म्हणून 'अनकमिटेड' गटात गेलात तरी तेही दिसतंच, आणि टपालाने मत पाठवायची सोय नाही. गुप्त मतदान नोव्हेंबरात आहे, ३ फेब्रुवारीला नाही. ज्याला हे सोसत नाही त्याने घरी बसावं, त्यात कमीपणा नाही. पण बायकोने आपल्या शेजारी उभं राहावं म्हणून तिचं मत बदलू पाहणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

नीट समजून घ्यायची गोष्ट दुसऱ्या फेरीची आहे, कारण घरातलं खरं भांडण तिथे होऊ शकतं. तुमच्या मतदानकेंद्राला पक्षाच्या पुढच्या अधिवेशनाला पाठवायचे चार किंवा जास्त प्रतिनिधी असतील तर गट टिकायला हजर माणसांच्या १५ टक्के लागतात, आणि आकडा नेहमी वरच्या पूर्णांकाला नेतात. समजा २४३ माणसं आली. १५ टक्के होतात ३६.४५, म्हणजे ३७ हवीत. वॉरनकडे ३५ भरली तर गट बाद. (तीन प्रतिनिधींच्या केंद्रात एक षष्ठांश लागतात, दोनच्या केंद्रात २५ टक्के, म्हणून आपलं केंद्र कितीचं आहे ते आधी विचारून ठेवा.) गट बाद झाला की त्यातल्यांना टिकलेल्या गटात जाता येतं, दुसऱ्या बाद गटांशी जुळवून नवा गट उभा करता येतो, किंवा अनकमिटेड व्हायचं. ज्यांचा गट टिकला त्यांना यंदा जागचं हलता येत नाही. २०१६ पर्यंत येत होतं, म्हणून जुनेजाणते शेजारी तुम्हाला चुकीचं सांगतील. टिकलेल्या गटातले कार्ड देऊन घरी गेले तरी चालतं.

या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत टिकलेल्या गटांतली माणसं बाद गटाकडे धावत येतात. वॉरनचा गट बाद झाला तर तुमच्या अंगावर येणाऱ्यांत एका बाजूने नवरा असेल, दुसऱ्या बाजूने मुलगा, आणि ऑफिसवाले बघत असतील. शोभा व्हायचीच असेल तर ती तेव्हा होईल, पहिल्या फेरीत वेगळं उभं राहिल्याने नाही. म्हणून दुसरी पसंती रविवारी रात्रीच ठरवा आणि दोघांनाही घरीच सांगून टाका. वर तिघांनी एक करार करा: जिममध्ये घरच्यांनी घरच्यांना ओढायचं नाही, ते काम परक्यांनी करावं. हा करार नवऱ्याच्याही फायद्याचा आहे. बायडनचा गट प्रत्येक केंद्रात टिकेलच असं नाही, आणि मग बाद गटात तो उभा असेल.

दुसरी पसंती ठरवायला पहिलीचं कारण लागतं, आणि तुमचं अडतंय तिथेच. कागदावर तीन ओळी लिहा. तुम्हाला वॉरन आरोग्यविम्यासाठी हवी असेल तर योजना ठाऊक हवी: पहिल्या शंभर दिवसांत ज्याला हवा त्याला सरकारी विमा, आणि खासगी विम्याच्या जागी सर्वांसाठी मेडिकेअर (ज्येष्ठांना मिळतो तो सरकारी विमा) आणणारा कायदा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. सँडर्स थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतात. बायडन, आणि पीट बुटिजेज व एमी क्लोबुशार हे आणखी दोन उमेदवार पहिल्या पायरीवर थांबतात, ओबामांचा कायदा ठेवून त्याला सरकारी पर्याय जोडतात. नवऱ्याला कंपनीचा विमा जाईल अशी धास्ती असेल तर त्याची बायडन-निवड विचाराअंती झालेली आहे, तिला 'घाबरटपणा' म्हणू नका. तुम्हाला वॉरन ५ कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवरल्या २ टक्के करासाठी हवी असेल, तर तुमची दुसरी पसंती सँडर्सकडे झुकते. आणि शिस्तीने अभ्यास करून काम करणारी बाई अध्यक्ष व्हावी एवढंच मनात असेल तर क्लोबुशार. न्यूयॉर्क टाइम्सने याच महिन्यात वॉरन आणि क्लोबुशार या दोघींना मिळून पाठिंबा दिला, तेव्हा हा विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. कारण लिहून काढताना कदाचित असंही दिसेल की वॉरन फक्त कमला गेली म्हणून आहे. तसं असलं तरी चालेल, पण मग दरमहा २५ डॉलरचा पुन्हा विचार करा.

'तोच हरवेल' या मुद्द्यावर माझं मत स्पष्ट आहे. कोण जिंकेल याचा अंदाज बांधून उमेदवार निवडणं चूक नाही, पण त्याला खात्री समजणं चूक. २००४ मध्ये आयोवाने जॉन केरींना पहिलं ठेवलं, त्यात 'बुशना हेच हरवतील' हा हिशेब मोठा होता. नोव्हेंबरात केरी हरले. २००८ मध्ये हेच शहाणपण सांगत होतं की कृष्णवर्णीय माणूस निवडून येणार नाही. दहातले नऊ लोक गोरे असलेल्या आयोवाने ओबामांना पहिलं केलं, हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या. नवऱ्याला हे ऐकवा, पण एकदाच. रोज ऐकवलंत तर बायडनवरचं त्याचं प्रेम वाढेल.

चिरंजीवांचं सोपं आहे. वाढदिवस ऑक्टोबरात असो की सप्टेंबरात, ३ नोव्हेंबर २०२० पर्यंत, म्हणजे अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवसापर्यंत, त्याला अठरावं पूर्ण होत असेल तर तो कॉकसमध्ये पूर्ण हक्काने उभा राहू शकतो, आणि पक्षनोंदणी त्याच संध्याकाळी दाराशी होते. फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यायला सांगा. तुम्हा दोघांची नोंदणी आधीच झालेली असली तरी ती डेमोक्रॅट म्हणून आहे ना, ते बघा. नसेल तर तिथेच बदलता येते. सात वाजता रांगेत नसलात तर आत घेत नाहीत, म्हणून सव्वासहाला निघा. कॉकसची जागा तुमच्या नेहमीच्या मतदानकेंद्राहून वेगळी असू शकते, तीही आधी तपासा. मुलाला एवढंच बजावा की बापाच्या उमेदवाराला 'म्हातारा' म्हणायचं नाही. बायडन ७७ वर्षांचे आहेत आणि सँडर्स ७८.

मैत्रिणीचं प्रकरण तुम्ही समजता त्याहून वेगळं आहे. तुमचं मत चुकलं नाही, टोमणा चुकला, आणि तो माहितीनेही कच्चा होता. ग्रीनकार्डाची भारतीयांची लांबलचक रांग एका देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे आहे. ती मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी, दोन्ही पक्षांच्या मदतीने मंजूर झालं. सिनेटमध्ये ते पुढे रेटणारे माइक ली रिपब्लिकन, त्यांच्या जोडीला तुमच्या कमला हॅरिस, आणि शरदात ते अडवून धरणारे डिक डर्बिन डेमोक्रॅट. दार लावणारे आणि उघडणारे दोन्हीकडे आहेत. ह्यूस्टनच्या 'हाउडी मोदी' या मोदी-ट्रम्प यांच्या सभेला जाऊन आलेली बाई आपोआप मागच्यांची वैरीण ठरत नाही.

तिला फोन करा. ग्रुपवर लिहू नका, तिळगुळाचं चित्र तर मुळीच पाठवू नका. म्हणा, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. ट्रम्पबद्दलचं माझं मत आहे तेच आहे, पण तुझ्याबद्दल मी जे म्हणाले ते खरं नाही." एवढ्यावर थांबा, तिने वाद उकरला तर आजचा फोन त्यासाठी नाही म्हणा. जे सगळ्यांदेखत बोललात त्याची माफी त्यातल्या दोघी-तिघींच्या कानावर जायला हवी, ते पुढच्या भेटीत सहज करता येईल. ती जाणार असेल तर त्याच रात्री रिपब्लिकनांचंही कॉकस आहे आणि तिथे चिठ्ठीवर मत देतात, तेव्हा तिला तुमच्यासारखं उघड्यावर उभं राहावं लागणार नाही. हेवा वाटला तर वाटू द्या.

राहिल्या सासूबाई. गॅबर्ड हिंदू आहेत, भारतीय नाहीत. जन्म अमेरिकन समोआतला, आईने हिंदू धर्म स्वीकारला, नाव त्यातून आलं. हे सासूबाईंना सांगाल तर प्रेमाने सांगा, कारण भारतातल्या अर्ध्या व्हॉट्सॲपचा तोच समज आहे. आणि ज्या कमलाची आई खरोखर चेन्नईची, तिच्याबद्दल त्या काय म्हणत होत्या ते विचारून बघा, गप्पा रंगतील. त्यांना घरी एकटं ठेवू नका, बरोबर न्या. बघायला आलेल्यांना बसता येतं. दाराशी मात्र तुम्हीच पुढे होऊन 'या निरीक्षक आहेत, नागरिक नाहीत' असं सांगा, गटांची मोजणी चालू असताना त्यांना कडेच्या बाकांवर बसवा, नाहीतर कोणीतरी त्यांनाही मोजेल. आणि हे ठासून सांगा: कोणी प्रेमाने कागद पुढे केला तरी सही करायची नाही. ती नोंदणी असू शकते, आणि नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून दिलं तर पुढचा व्हिसा कायमचा अडकू शकतो.