एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला गावातली कुटुंबं दत्तक देतात. औषध लिहिता येत नाही, मग फॉर्म भरण्यापलीकडे तिथे करायचं काय?

बरंच काही, पण आधी वेळ सांभाळा. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात (स्थापना १९६९) पहिल्या वर्षाची मुलं १५ दिवस गावात मुक्कामालाच असतात, नंतर दर महिन्याला त्याच घरी जातात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून सगळ्या कॉलेजांना कुटुंबं दत्तक घ्यायला लावली, पण भेटींपुरती. कॉलेजची बस गावात अकराला पोचली, की घरी सापडते म्हातारी नाहीतर कुलूप. कापूस वेचणीच्या दिवसांत तर दुपारी जाऊच नका. आशाताईंना आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. पहिल्या भेटीत त्यांना सोबत न्या, पण घरच्यांसमोर त्यांच्या कामाची उलटतपासणी नको.

बीपी घाईत मोजाल तर चुकेल. माणूस आत्ताच पाण्याचा हंडा उतरवून आलेला असतो. पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, यंत्राचा पट्टा (कफ) उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० च्या वर आलं तरी त्याच दिवशी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं जाहीर करू नका; पुढच्या भेटीत पुन्हा मोजा. १८०/११० च्या वर असेल तर मात्र थांबू नका, सोबतच्या शिक्षकांना लगेच सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मापाच्या पट्टीने घ्या: ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, तेव्हा अंगणवाडी सेविकेला त्याच दिवशी कळवायचं.

हिमोग्लोबिन कमी निघालं तर ‘पालेभाज्या खा’ हा सल्ला फुकट जातो. लोहाच्या गोळ्या बहुतेक घरात मिळालेल्या असतात, डब्यात पडून. का घेत नाहीत ते विचारा. काळी शी होते म्हणून घाबरतात, मळमळतं, किंवा चहासोबत घेतात आणि चहा लोह शोषू देत नाही. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगा.

सगळ्यात मोठी चूक कॉलेजची असते: रक्त घेऊन जायचं आणि रिपोर्ट द्यायचाच नाही. तिसऱ्या भेटीला ते दार उघडत नाही, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर असतं. कोणाचा नमुना कधी घेतला, रिपोर्ट कधी हातात दिला, हे दोन रकाने स्वतःच्या वहीत आखा. छापील फॉर्ममध्ये बहुधा नसतात. दवाखान्यात पाठवायचं असेल तर चिठ्ठीवर ओपीडीचा वार आणि खोली नंबर लिहा. नाहीतर माणूस दिवसाची मजुरी बुडवून येतो आणि केसपेपरच्या रांगेतूनच परत जातो.