वेब अ‍ॅनिमेशनमधले जिफ, फ्लॅश, सीएसएस हे शब्द नक्की काय आहेत?

तुम्ही विचारलंय की वेब अ‍ॅनिमेशन शिकायला बसलं की फ्रेम, जिफ, फ्लॅश, सीएसएस असे शब्द एकदम अंगावर येतात, तर सुरुवात कुठून करू, आणि इंटरनेट आणि वेब एकच का?

शेवटचं आधी सांगतो, एकच नाही. इंटरनेट म्हणजे जगभरचे कॉम्प्युटर जोडणारं जाळं आणि वेब ही त्या जाळ्यावर चालणारी एक सेवा, टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या संस्थेत मांडलेली. ईमेलसुद्धा त्याच जाळ्यावरून जातो पण तो वेब नाही. वेबची पानं उघडून दाखवतो तो ब्राउजर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स वगैरे.

आता अ‍ॅनिमेशन. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फरफर सोडली की माणूस पळताना दिसतो ना, स्क्रीनवर तेच चालू असतं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, आणि सेकंदाला किती फ्रेम दाखवल्या तो फ्रेम रेट. माझ्या मते नवशिक्याने इथे एकच गोष्ट डोक्यात पक्की करावी: ही चित्रं आधीच तयार होऊन आलीत, की ब्राउजर ती तुमच्याच मशीनवर काढतोय?

जिफ म्हणजे तयार चित्रं. 1987 चा फॉरमॅट आहे, एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त 256 रंग, त्यामुळे आकाशाचा फोटो घातला की निळ्या रंगाचे पट्टे पडतात. शिवाय त्यातला पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा अजिबात नाही, म्हणून पांढऱ्या पानासाठी बनवलेलं जिफ काळ्या पानावर ठेवलं की कडेने पांढरी किनार उठून दिसते, नीट बघा कधी.

सीएसएस म्हणजे वेबपान कसं दिसावं हे ब्राउजरला सांगायची भाषा, त्यात चित्रं नसतात, सूचना असतात. समजा चेंडू 2 सेकंदात डावीकडून उजवीकडे न्यायचाय. जिफ असेल तर सेकंदाला 20 फ्रेम धरून 40 चित्रं लागतील. सीएसएसमध्ये फक्त सुरुवातीची जागा, शेवटची जागा आणि वेळ लिहायची, त्या जागांना कीफ्रेम म्हणतात, मधलं सगळं ब्राउजर भरतो. वेळ 5 सेकंद करायची तर एक आकडा बदलायचा, बास! एसव्हीजी हा चित्रांचा फॉरमॅट पण याच बाजूचा, त्यात आकार गणिताने लिहिलेले असतात म्हणून कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

फ्लॅश, म्हणजे वेबवर अ‍ॅनिमेशन दाखवायचं जुनं तंत्र, सोडून द्या. त्याला ब्राउजरमध्ये वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लागायचं, त्यात सुरक्षेच्या त्रुटी सारख्या निघायच्या, आणि अ‍ॅडोबीने 2020 च्या शेवटी ते बंदच केलं. जुन्या ट्यूटोरियलमध्ये दिसलं तर पुढे जा.

शिकायला लागलात की एक मात्र करा, वस्तू हलवायला सीएसएसमधली ट्रान्सफॉर्म ही सूचना वापरा, लेफ्ट-टॉप या पानावरची जागा ठरवणाऱ्या सूचना बदलत बसू नका. बऱ्याच स्क्रीन सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतात, म्हणजे एका फ्रेमला साधारण 16 मिलिसेकंद मिळतात, आणि लेफ्ट बदललं की ब्राउजरला मांडणीचा हिशोब पुन्हा करावा लागतो, तेवढ्या वेळात तो झाला नाही की अ‍ॅनिमेशन अडखळतं, स्वस्त फोनवर तर लगेच कळतं.

आणि हलणाऱ्या गोष्टी बघून काहींना खरंच गरगरतं, ते लोक फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग चालू ठेवतात. सीएसएसला ती सेटिंग ओळखता येते, तेव्हा त्यांच्यासाठी अ‍ॅनिमेशन बंद ठेवायच्या दोन-चार ओळी पहिल्याच प्रोजेक्टपासून लिहा.